एकतीस यात्रेकरू, चार स्थानं आणि आधारवरची एक जन्मतारीख

ऑक्टोबर २०२२. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरली आणि उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात महिला मंडळाच्या बायांनी विषय काढला. वर्षभर दर महिन्याला हजार-बाराशे रुपये बाजूला टाकून त्यांनी पैसा जमवला होता. आता बुद्धाच्या गावांना जायचं होतं. मंडळाचा हिशेब माझ्याकडे, म्हणून यात्रेची आखणीही माझ्याकडेच आली.

जाणारे ३१ जण, त्यात १९ बाया. सर्वांत लहान मुलगी २४ वर्षांची, सर्वांत मोठे काकाजी ७८ वर्षांचे. निम्म्याहून जास्त लोकांचे गुडघे दुखणारे, अकरा जणांना साखरेच्या गोळ्या चालू. माणशी १४,५०० रुपयांच्या वर एक रुपयाही चढवायचा नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. कारण कुणी धुणीभांडी करून पैसे भरले होते, कुणी भाजीच्या ठेल्यावरून.

अशा धम्मयात्रा आपल्याकडे गावोगावच्या विहारांतून निघतात आणि अडचणी बहुतेक सारख्याच येतात. आमच्या यात्रेत काय ठरवलं, का ठरवलं आणि कुठं चुकलं, ते सविस्तर लिहून ठेवते आहे. पुढं ज्यांना न्यायचं असेल त्यांच्या ते कामी येईल.

पहिला आराखडा एका यात्रा कंपनीचा होता. अकरा दिवसांत आठही महास्थानं: लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर, राजगीर, वैशाली, श्रावस्ती आणि संकिसा. कागदावर तो भरगच्च दिसत होता आणि बैठकीत सगळ्यांना आवडलाही. घरी येऊन मी प्रत्येक दिवसाचे तास मांडले. रोज सात-आठ तास बसमध्ये. बोधगयेला एक संध्याकाळ, सकाळी सहाला पुढं निघायचं. संकिसा फर्रुखाबाद जिल्ह्यात, बाकी सगळ्यांपासून दूर. त्या एका ठिकाणापायी दीड दिवस जात होता.

मग मी एक काम केलं, जे आधीच करायला हवं होतं. प्रत्येकाच्या घरी जाऊन एकच विचारलं, “तुम्हाला कुठं थांबायचं आहे?” काय पाहायचं आहे, हे मुद्दाम विचारलं नाही. उत्तरं ऐकून मी चाट पडले. एकतीसपैकी चोवीस जणांनी बोधीवृक्ष सांगितला. काकाजींना सारनाथचे चार सिंह पाहायचे होते, कारण आयुष्यभर त्यांनी ते नोटेवर पाहिले. आणि ज्यांच्याभोवती हे सगळं प्रकरण पुढं फिरलं त्या आमच्या गल्लीतल्या आजी म्हणाल्या, “मले फोटो नाई काढाचे बाई. मले झाडाखाली बसाचं आहे. आन कुशीनाऱ्याले जाचं आहे, चंद्रमणी भंतेच्या गावाले.”

नागपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं ते भिक्खू चंद्रमणी महास्थविरांनी, आणि त्यांचं वास्तव्य कुशीनगरला, म्हणजेच कुशीनाऱ्याला. पुढं महिनाभरानं काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब स्वतः सारनाथला आणि कुशीनाऱ्याला गेले. म्हणजे आमच्या लोकांसाठी कुशीनगर दोनदा पवित्र. यात्रा कंपनीच्या आराखड्यात तिथं दीड तास होता.

मी हे सगळं भंतेजींपुढं ठेवलं. त्यांनी महापरिनिब्बान सुत्त काढलं. त्यात भगवान आनंदाला श्रद्धावान माणसानं पाहावीत अशी चार स्थानं सांगतात: जिथं तथागत जन्मले, जिथं संबोधी मिळाली, जिथं धम्मचक्र फिरवलं आणि जिथं परिनिर्वाण झालं. आठाचे चार करायला याहून मोठा आधार कुठून आणणार? पुढच्या बैठकीत भंतेजींनी तेवढा उतारा वाचून दाखवला आणि पंधरा मिनिटांत ठराव झाला. चार स्थानं, बारा दिवस. राजगीर-नालंदा बोधगयेहून एका दिवसात, ज्याला झेपेल त्यानं जावं. ठिकाणं निम्मी झाल्यानं बसचे किलोमीटर घटले, हजाराच्या आत आले, आणि त्या पैशांत मुक्काम वाढले.

महिना कोणता, यावर मात्र वाद झाला. वैशाखी पौर्णिमेला बोधगयेत असावं, असं तरुणांना वाटत होतं. पण मे महिन्यातल्या गयेच्या उन्हात ७८ वर्षांच्या माणसाला उभं करायची माझी तयारी नव्हती. डिसेंबर-जानेवारीत बोधगया देशोदेशींच्या उपासकांनी भरलेली असते, खोल्यांचे भाव चढतात आणि गंगेच्या पट्ट्यात धुकं पडलं की गाड्या दहा-दहा तास रखडतात. भाद्रपदात पितृपक्षामुळे गया स्टेशनावर पाय ठेवायला जागा नसते. उरला फेब्रुवारी. थंडी सोसवणारी आणि धुकं विरत आलेलं.

गाडीसाठी सगळ्यांचा एकच हट्ट होता: दीक्षाभूमी एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघून नागपूरवरून गयेला जाणारी ही गाडी आठवड्यातून एकदाच. नावामुळेच ती हवी होती. त्या वेळी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. इथं एक बारकी गोष्ट कामी आली. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर लागू होतो, बायांसाठी तो ४५ वर्षांपासून धरतात. सहा-सहा जणांची तिकिटं काढली असती तर गुडघे दुखणाऱ्या बाया वरच्या बर्थवर गेल्या असत्या. आम्ही सोळा तिकिटं काढली, बहुतेक दोघा-दोघांची. सकाळी आठला तीन घरांत तीन जण मोबाइल घेऊन बसले होते. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे पूर्ण भाडं बसलं; पण २२ खालचे बर्थ मिळाले.

मार्ग असा बसला: गयेहून बोधगया तीन रात्री, मग सारनाथ, मग कुशीनगर, तिथून सोनौलीच्या नाक्यावरून लुंबिनी आणि शेवटी गोरखपूरहून नागपूरची गाडी. पहिल्या कच्च्या आखणीत राजगीरला मुक्काम होता, त्यामुळे सारनाथ शुक्रवारी येत होतं, आणि शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं. चार सिंहांचा मूळ स्तंभशीर्ष त्या संग्रहालयातच आहे. राजगीरचा मुक्काम काढला तेव्हा सारनाथ गुरुवारी आलं आणि काकाजींचे सिंह वाचले.

आता मूळ प्रकरण.

लुंबिनी नेपाळात आहे. भारतीयाला तिथं व्हिसा लागत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं आणि तिथंच लोक निर्धास्त होतात. व्हिसा नसला तरी ओळखीचा कागद लागतो: पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार कार्ड सरसकट चालत नाही. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांनाच ते चालतं.

माझी चूक अशी की ऑक्टोबरमध्ये नावं घेताना मी प्रत्येकाला “आधार आहे ना?” एवढंच विचारलं. गाडीसाठी तेवढं पुरत होतं. मतदार कार्डांच्या झेरॉक्स मी मागितल्या त्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. एकतीसपैकी पाच जणांकडे कार्ड नव्हतं. त्यातले दोघे आधारप्रमाणे सत्तरीच्या वर, ते सुटले. दोघांची कार्डं हरवली होती पण नावं यादीत होती. त्यांनी आठ नंबरचा फॉर्म भरला आणि जानेवारीअखेर नवी कार्डं हातात आली.

पाचव्या आजी. घर बदललं तेव्हा जुन्या यादीतून त्यांचं नाव निघालं आणि नव्या यादीत चढलंच नाही. तरी मला काळजी वाटली नाही, कारण आजी सत्तरीला टेकलेल्या. मी त्यांचं आधार हातात घेतलं. जन्मतारीख: १ जानेवारी १९६०.

आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर ही १ जानेवारी असते. जन्माचा दाखला नाही, शाळा नाही. नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजानं साल टाकलं आणि तारीख आपोआप पडली. कागदाप्रमाणे आजी ६३ वर्षांच्या होत होत्या. सूट ६५ च्या वर.

“आजी, तुमचं साल चुकलं आहे,” मी म्हटलं.

“चुकलंच आहे. दीक्षेच्या दिवशी मी आईच्या कडेवर होती. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. गर्दीत मले तहान लागली तं एका बाईनं तिच्या गडव्यातलं पाणी पाजलं. आई मरेपर्यंत सांगे.” त्यांनी आधार माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत दिलं. वाचता येत नाही त्यांना. “साठ साली जन्मली असती तं छप्पन साली कडेवर कशी असती?”

याला काय उत्तर देणार? १४ ऑक्टोबर १९५६ हा त्यांच्या वयाचा पुरावा होता आणि कोणत्याही खिडकीवर तो चालणार नव्हता. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायची तर जन्माचा कागद हवा. आम्ही नव्या मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म भरला, पडताळणीला माणूस येऊन गेला, जानेवारीत नाव यादीत चढलंही. पण कार्ड टपालानं यायचं होतं आणि निघायला बारा दिवस उरले होते.

विहारात बैठक घेतली. चार वाटा होत्या.

पहिली बसमालकानं सुचवली: “सोनौलीला कोण बघते? रोज हजार लोक पायी जातात. आजीला मधल्या सीटवर बसवा.” तो खोटं बोलत नव्हता. पण नाक्यावर एखाद्या जवानानं कार्ड मागितलंच, तर तीस जणांची बस पुढं आणि एकटी आजी मागं, रस्त्यावर. माणसाला असं नशिबावर सोडून न्यायचं नाही, हे माझं ठाम मत होतं आणि आजही आहे.

दुसरी, सगळ्यांनीच लुंबिनी सोडायची. हात वर करायला सांगितले तर चौदा हात वर झाले. मला भरून आलं.

तिसरी, आजींना पिप्रहव्याला न्यायचं. ते भारतातच, सिद्धार्थनगर जिल्ह्यात, सीमेला लागून आहे. १८९८ मध्ये तिथल्या स्तूपातून अस्थींचा कलश निघाला आणि त्यावरच्या लेखात शाक्यांच्या बुद्धाचा उल्लेख आहे. बरेच अभ्यासक त्यालाच कपिलवस्तू मानतात. पण त्यासाठी वेगळी गाडी लागणार होती आणि सोबतीला दोन माणसं. खर्च बसत नव्हता.

चौथी वाट आजींनी स्वतः काढली. “तुम्ही जा. मी कुशीनाऱ्याले राहते. दोन दिवस जास्त बसीन.” त्यांची भाची सोबत थांबायला तयार झाली. कुशीनगर ते गोरखपूर सुमारे ५३ किलोमीटर, बस सतत असतात. आम्ही लुंबिनीहून थेट गोरखपूर स्टेशनवर येणार, त्या दोघी तिकडून यायच्या. लुंबिनी सोडायला निघालेल्या चौदा जणांना आजींनीच गप्प केलं: “माझ्यापायी कोनी जन्मभूमी सोडाची नाई.”

तसं ठरलं. तरी माझ्या मनाला ते पूर्ण पटलं नव्हतं. सगळ्यांत जुनी दीक्षा जिची, तीच मागं राहणार होती.

प्रवासातलं सगळं सांगत नाही, आखणीशी ज्याचा संबंध आहे तेवढंच सांगते.

बोधगयेत महाबोधी महाविहारात मोबाइल नेता येत नाही. २०१३ च्या जुलैतल्या स्फोटांनंतर हा नियम कडक झाला. बाहेर खिडकीवर ठेवावा लागतो. म्हणजे आत एकदा माणूस चुकला की फोन करायची सोय नाही. आम्ही नागपुरातूनच प्रत्येकाच्या गळ्यात एक चिठ्ठी घातली होती: नाव, मुक्कामाचा पत्ता आणि दोन नंबर, हिंदीत. भेटायची जागा ठरली होती, बाहेरच्या दारापाशी. पहिल्याच दिवशी दोन बाया चुकल्या आणि चिठ्ठी दाखवून रिक्षानं परत आल्या.

तीन रात्री ठेवल्या ते योग्य होतं, हे दुसऱ्या पहाटे कळलं. पाचला दार उघडतं. झाडाखाली थायलंडचे, श्रीलंकेचे, तिबेटी लोक आपापल्या सुरात म्हणत होते. आमच्या बायांनी त्रिशरण सुरू केलं तसे शेजारचे श्रीलंकेचे दोघे त्यात मिसळले, पाली तीच. बोधीवृक्षाचं पान तोडत नाहीत, गळलेलं उचलतात. आजी दोन तास हलल्या नाहीत. एक पान त्यांच्या पदरावर पडलं आणि लगेच तीन जणी धावल्या. आजींनी पदर आवरून घेतला. नंतर मात्र त्या पानाकडं टक लावून पाहणाऱ्या एका परदेशी पोरीला ते देऊन टाकलं. दुसरं पान त्यांना तिसऱ्या दिवशी मिळालं.

राजगीरला सतरा जण गेले. तिथल्या गृध्रकूट टेकडीच्या पायऱ्या सोप्या नाहीत, उरलेल्यांनी बोधगयेतच राहून पलीकडे सुजाताचा स्तूप पाहिला. हा पर्याय आधीच ठेवल्यानं कुणाला कमीपणा वाटला नाही. सारनाथला काकाजी सिंहांपुढं इतका वेळ उभे राहिले की पहारेकऱ्यानं त्यांना खुर्ची आणून दिली.

कुशीनगरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. परिनिर्वाण मंदिर बाहेरून साधं, १९५६ सालचंच, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी बांधलेलं. आत सहा मीटरची उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती, मानेपर्यंत पिवळं चीवर पांघरलेली. आमच्या एका काकूंनी दारातच पाऊल थांबवलं आणि हळूच म्हणाल्या, “घरातलं माणूस झोपलेलं आहे.” नंतर आत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजी आणि भाचीला मागं ठेवून आम्ही निघालो. सोनौलीला बसचा भन्सार, म्हणजे नेपाळचा सीमाशुल्क, भरायला पावणेदोन तास लागले, आम्ही एक धरला होता. शंभराच्या वरची भारतीय नोट त्या वेळी नेपाळात चालत नव्हती, म्हणून नागपुरातूनच शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा जमवून नेल्या होत्या. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, हिशेब सोपा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. जाताना आमची कार्डं कुणी पाहिली नाहीत. बसमालकानं माझ्याकडं पाहिलं, मी काही बोलले नाही.

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे आणि त्यावर ब्राह्मीत ‘हिद बुधे जाते सक्यमुनीति’ कोरलेलं आहे: इथं शाक्यमुनी बुद्ध जन्मले. पुढं राजानं गावाचा कर कमी केल्याची नोंद आहे. आमच्यातल्या २४ वर्षांच्या मुलीनं तो लेख वहीत अक्षर न अक्षर उतरवून घेतला, आजींना वाचून दाखवायला.

परतताना भारताच्या बाजूला सीमेवरच्या जवानांनी बस थांबवली. एकेकाला खाली उतरवून कार्ड पाहिलं. अर्धा तास गेला. या वेळी बसमालकानं माझ्याकडं पाहिलं नाही.

गोरखपूर स्टेशनवर आजी आमच्या आधी येऊन बाकावर बसल्या होत्या, पायाशी पिशवी. भाचीनं सांगितलं: पहिल्या दिवशी मंदिरात, दुसऱ्या दिवशी रामाभार स्तूपाभोवती दुपारपर्यंत, मग बर्मी विहारात. तिथल्या एका वृद्ध भंतेंना आजींनी आपल्या बोलीत दीक्षेच्या दिवसाची सगळी गोष्ट सांगितली, कडेवरची, लुगड्याची, गडव्यातल्या पाण्याची. भंतेंना किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी आजींना समोर बसवून त्रिशरण-पंचशील दिलं. आजी मागोमाग म्हणाल्या. रेल्वेत ती मुलगी त्यांना वहीतून स्तंभावरचा लेख वाचून दाखवत होती आणि त्या प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या.

खर्च माणशी १४,२२० रुपये आला. उरलेले विहाराच्या खात्यात जमा केले.

पुढच्या खेपेला काय बदलणार, तेही लिहिते. नाव नोंदवण्याच्या पहिल्या कागदावरच आता दोन रकाने आहेत: मतदार कार्डाचा नंबर आणि आधारवरची जन्मतारीख, माणसानं सांगितलेलं वय नव्हे. ज्यांच्याकडं कार्ड नाही त्यांचे फॉर्म नाव घेतल्याच्या आठवड्यातच भरायचे. नाक्यावर दोन तास धरायचे. सारनाथला एक रात्र वाढवायची, कारण धमेक स्तूपापाशी सायंकाळी बसायला वेळच मिळाला नाही आणि त्याची हळहळ बऱ्याच जणींना आहे. आणि ज्यांना लुंबिनीला जाता येणार नाही त्यांच्यासाठी पिप्रहव्याच्या गाडीचे पैसे पहिल्यापासून वर्गणीत धरायचे.

आजींचं कार्ड मार्चमध्ये आलं. त्यावरही जन्मतारीख तीच आहे. त्यांनी ते पंचशीलाच्या फोटोमागं, बोधीच्या पानाशेजारी ठेवलं आहे, आणि दुसऱ्या तुकडीच्या वहीत पहिलं नाव त्यांचं लिहून घेतलं आहे.